मोहाचे झाड आणि मराठी साहित्य

आपल्या गावाच्या नावातच मोह आहे. हेच झाड सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाथासप्तशतीतही भेटते. हाल सातवाहनाच्या या महाराष्ट्री प्राकृत संग्रहातली एक स्त्री गोदाकाठच्या, फुलांनी वाकलेल्या मोहाला विनवते, की फुले जरा सावकाश गाळ. (फुले संपली की वेचायला येण्याचे निमित्त संपले! रसिकांनी काय ते ओळखावे.) इथे झाड शोभेपुरते नाही, ते नसते तर गाथाच झाली नसती.

साहित्याकडे असे निसर्गाच्या अंगाने पाहण्याला १९७८ साली अमेरिकेत विल्यम रुकर्ट यांनी नाव दिले. आपल्याकडे त्याला पर्यावरणवादी समीक्षा म्हणतात. पण दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६चे! बारा महिन्यांवरच्या त्या लेखांत झाडे, पाखरे, आभाळ हीच मुख्य पात्रे. पुढे वनाधिकारी मारुती चितमपल्लींनी विदर्भातले रान मराठीत आणले. २००६ साली ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले.

'ऋतुचक्र' आले त्याच साली राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण सौंसर-पांढुर्ण्याची माणसे मध्य प्रदेशात राहिलो. मराठी घरात टिकली, शाळेत मात्र मोहाचा 'महुआ' झाला. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले वेचणाऱ्या आज्यांच्या तोंडची नावे, गाणी, म्हणी हिंदीच्या पुस्तकात कुठून सापडणार? विसर्जनानंतर ती लिहून काढायचे आम्ही ठरवले आहे. ज्यांच्या घरी ऐंशीपुढची माणसे आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन येऊ.