साहित्यसभेची पूर्वतयारी

ग्रंथ लिहिणे हे एकांतातले काम असले, तरी ग्रंथकाराला वाचकांसमोर आणून उभे करणे हे समाजाचे काम आहे. आणि हे काम महाराष्ट्राने कोणत्या हेतूने अंगीकारले, त्यासाठी कोणाला बोलावले आणि कोण बाहेर राहिले, याचा इतिहास प्रत्यक्ष वाङ्मयाच्या इतिहासाइतकाच उद्बोधक आहे. कीर्तनकाराला आणि पुराणिकाला देवळाचा सभामंडप, सायंकाळची वेळ आणि ओळखीचा श्रोतृवर्ग परंपरेनेच लाभलेला असे. परंतु मुद्रणकलेच्या प्रसाराबरोबर जो नवा ग्रंथकार उदयास आला, त्याला यांपैकी काहीच वारसाहक्काने मिळालेले नव्हते, आणि म्हणून त्याच्या सभेची सारी तजवीज मुळापासून नव्याने करणे प्राप्त झाले.

या नव्या सभेची पार्श्वभूमी पुण्यात आधीच तयार होत होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने तेथे १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली होती, आणि कचेऱ्या व विद्यालये बंद असण्याच्या उन्हाळी दिवसांत सुशिक्षितांनी एकत्र जमून विचार ऐकावा, हा शिरस्ता हळूहळू रुजू लागला होता. त्याच रानडे यांनी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या सहकार्याने ग्रंथकारांना एकत्र आणण्याचे मनावर घेतले. ‘ज्ञानप्रकाश’ पत्राच्या ७ फेब्रुवारी १८७८ च्या अंकात त्यांचे आवाहन प्रसिद्ध झाले, आणि ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत रानडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आवाहन आणि सभा यांमध्ये तीन महिन्यांचे अंतर होते. ज्या काळी पुस्तक छापण्यापूर्वी आगाऊ वर्गणीदार मिळवावे लागत आणि आश्रयदात्यांची यादी पुस्तकातच सन्मानाने छापली जाई, त्या काळी विखुरलेल्या ग्रंथकारांना परस्परांची ओळख व्हावी आणि मराठी ग्रंथांची वृद्धी व्हावी, हा हेतू किती निकडीचा होता, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी सभा १८८५ मध्ये पुण्यातच कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिचे निमंत्रण ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ यांचे कर्ते महात्मा जोतीराव फुले यांनाही गेले होते. परंतु ज्यांच्या मनात इतरांचे मानवी हक्क मान्य करण्याची तयारी नाही, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी शूद्रातिशूद्रांच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा आशय स्पष्ट शब्दांत कळवून त्यांनी ते नाकारले. पत्रिका पाठविल्याने निमंत्रणाचे कर्तव्य पुरे होते, अशी संयोजकांची जी सोयीस्कर समजूत असते, तिला हे उत्तर पहिला धक्का होय. कारण आमंत्रिताला आपल्या दुःखाची दाद जेथे लागेल असे वाटत नाही, तेथे कितीही उंच आसन मांडले तरी ते रिकामेच राहते. वर्गणी, मांडव, पाहुण्यांची उतरण्याची सोय आणि ठरावांचे मसुदे या साऱ्यांच्या आधीची जी तयारी, ती मनाची तयारी होय, हे फुले यांनी शिकविले.

तिसऱ्या सभेला १९०५ साल उजाडावे लागले; ती साताऱ्यास भरली. पुढल्या वर्षी पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली आणि संमेलनाला संस्थेचा आधार मिळाला. त्यानंतर यजमान नगराचे स्वागत मंडळ, त्याचा स्वागताध्यक्ष, प्रतिनिधींची नोंद, अध्यक्षांचे लिखित भाषण आणि जमाखर्चाचे दप्तर, असा संमेलनाचा दस्तूर सिद्ध होत गेला. संमेलन एका शहराच्या मक्त्यातून सुटून १९०९ मध्ये बडोद्यास, १९३० मध्ये पोर्तुगीज अमलाखालील मडगावास आणि १९३१ मध्ये निजामाच्या हैदराबादेस गेले, तेव्हा परक्या राजवटींतील मराठी भाषकांनाही त्याचे यजमानपद लाभले. आपल्या भाषेचे लेखक आपल्या दारी यावेत म्हणून दूरस्थ मराठी माणसांनी केलेली सरबराई ही वाङ्मयसेवाच होय, आणि तिची नोंद इतिहासकारांनी आदराने करावयास हवी.

कवींची तयारी निराळ्या वळणाची होती. जळगाव येथे १९०७ मध्ये भरलेल्या महाराष्ट्र कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली. एका सभेने एका कवीला त्याचे चिरंतन नाव दिल्याचे असे दुसरे ठळक उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. पुढे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव ज्यूलियन, यशवंत आणि गिरीश यांनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली; आणि त्यानंतरच्या पिढीत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगावी एकत्र काव्यवाचन करून कवीचा आवाज हाच कवितेचा उत्तम प्रचारक असल्याचे सिद्ध केले. पुस्तकावर लेखकाची स्वाक्षरी घ्यावयास आज वाचक रांगेत उभे राहतात, त्यांच्या त्या उत्कंठेमागे प्रत्यक्ष भेटीची ही दीर्घ परंपरा आहे.

परंतु फुले यांचा प्रश्न मिटलेला नव्हता. मुंबईत १९५८ मध्ये पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. ज्यांना जुन्या मांडवात आपला आवाज ऐकू येत नव्हता, त्यांनी स्वतःचा मांडव उभारला. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, १९६१ मध्ये ग्वाल्हेरला आली, म्हणजे हिराबागेच्या सभेनंतर ८३ वर्षांनी. आणि १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, कराडच्या संमेलनाचे स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण असताना, अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी बंदिवासातून आजारी अवस्थेत सुटलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करविली. यजमान सत्तेचा असला तरी व्यासपीठ लेखकाचेच राहते, हे त्या एका कृतीने दाखवून दिले.

म्हणून आज जो कोणी साहित्यसभेचा बंदोबस्त हाती घेईल, त्याने मांडवाच्या खांबांपूर्वी निमंत्रितांच्या यादीची रुजवात करावी: तीत कोणाचे नाव नाही, आणि ज्यांचे नाव आहे त्यांना निर्भयपणे बोलता येईल काय, हे दोन प्रश्न विचारावेत. यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर पुष्पहार कमी पडले तरी चालतील. ती नसतील, तर कोणताही थाटमाट त्या सभेला साहित्यसभा करू शकणार नाही.