पत्र आले, आधी मुद्रा पाहा

१/ शिवकालीन पत्राचा मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटवीत. पुढे कोणी ओळ घुसडू नये, हा हेतू.

२/ ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत एका संगणक कंपनीने सुमारे ४०० जणांना अनाहूत जाहिरातीचा ईमेल धाडला. आज पेणच्या मूर्तिकाराला वा रोह्याच्या दुकानदाराला येणारा तोतया ईमेल म्हणतो: “गूगलवर पहिला क्रमांक, हमखास! आजच शुल्क भरा.” अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलच सांगते.

३/ ईमेलची मुद्रा म्हणजे ‘ॲट’ चिन्हापुढील पत्ता. नाव नामांकित कंपनीचे, पत्ता मात्र फुकट खात्याचा; वर घाई, आगाऊ पैसे? तो बनावट समजावा. पत्ता जुळला तरी स्वतः शोधलेल्या क्रमांकावर खातरजमा करावी.

४/ पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० वर कळवावे.