दोन भिंतींमधले घर

भगिनींनो, आपल्या देवळाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली काम सुरू केले, ते १७८६ साली पुरे झाले. पण देवळाभोवतीच्या घरांनाही इतिहास आहे. तो कोणी लिहीत नाही.

मागे ब्रह्मगिरी आणि देऊळ-कुशावर्ताजवळ राहण्याची सर्वांचीच ओढ, म्हणून जुन्या लोकांनी रस्त्याकडे घराचे तोंड अरुंद ठेवले नि घर मागे लांबवले. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, शेवटी परस. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत, त्यामुळे बाजूला खिडकी नाही. उजेडासाठी मध्ये चौक. भिंतीच्या जाडीत कोनाडे व फडताळे, जिन्याखाली लाकडे, वर माळा. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की यात्रेकरूंनी ओटीपासून माळ्यापर्यंत घर भरे.

आमच्या घरी वाटणी झाली, तेव्हा आमच्या वाट्याला पडका भाग आला, नऊ हात रुंद. नवे बांधताना सगळे म्हणाले, चौक बुजवा, एक खोली वाढेल. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, ओट्यापाशी तू उभी राहणार. उजेड कुठून आणशील?" आम्ही चार हातांचा चौक राखला. खोली एक कमी झाली. दिरांनी त्यांचा चौक बुजवला. त्यांच्याकडे भरदुपारी दिवा लागतो आणि पावसाळ्यात भिंती ओल धरतात. मी मात्र हे चौकाच्या उजेडात लिहीत आहे.

घराचा नकाशा पुरुषमंडळी पाहतात. तो आपणही पाहावा. दिवस त्या घरात आपला जातो.