१६७४ : दगडाचा बाप्तिस्मा

साल १६७४. फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनीत, लान्नियोंजवळच्या प्लमर-बोदू गावच्या वाटेवर तुम्ही उभे आहात. (याच वर्षी रायगडावर राज्याभिषेक होतोय, इथे कुणाला त्याचा पत्ता नाही.) समुद्रावरचा खारा वारा कपड्यांतून आरपार जातोय. समोर सात मीटरांहून उंच दगड उभा आहे. तो कुणी रोवला, हे गावात कुणीच सांगू शकत नाही. नवाश्मयुगातला मेन्हिर आहे तो, किमान चार हजार वर्षांचा.

पण आज दगडाला परांची बांधली आहे, आणि वर पाथरवट बसलाय.

जवळ जा. ग्रॅनाइट हा दगड हट्टी. त्याचा दाणा जाड, त्यामुळे नाजूक काम तो करूच देत नाही. छिन्नी घटकाभरात बोथट होते, पाथरवट ती बाजूला टाकून दुसरी उचलतो. भोवतालचा दगड तासून तो आकार उठावात ठेवतोय : सूर्य, चंद्र, कोंबडा, शिडी, हातोडा, सांडशी. येशूच्या छळाची आणि मरणाची ही सगळी सामग्री. मधोमध हात जोडलेली एक स्त्री. तिच्या चेहऱ्यावर बारकावे नाहीत, नाक-डोळे जेमतेम. तरी ती प्रार्थना करतेय हे दुरूनही कळतं. खाली क्रुसावरच्या येशूचं चित्र रंगात काढायचं आहे आणि शेंड्यावर दगडी क्रूस बसवायचा आहे.

एवढा खटाटोप कशाला? शेजारी उभ्या शेतकऱ्याकडे पाहा. त्याला लिहिता-वाचता येत नाही आणि फ्रेंचही कळत नाही. तो बोलतो ब्रेटन. म्हणून ज्युलियन मोनुआरसारखे जेझुइट पाद्री गावोगाव रंगीत चित्रं दाखवत ब्रेटनमध्येच धर्म शिकवत हिंडतात. कोंबडा दिसला की तो आरवण्याआधी शिष्य पीटरने येशूला कसं नाकारलं ते शेतकऱ्याला आठवतं. वाटेवरचा हा दगड त्याच्यासाठी उघडं पुस्तक होणार आहे.

दुसरं कारण पाद्री मोठ्याने बोलणार नाहीत. या दगडांवर लोकांची जुनी श्रद्धा आहे. ब्रिटनीच्या पश्चिम भागात केरलोआसच्या मेन्हिरला तर नवी जोडपी पोट घासतात : नवरा मुलगे व्हावेत म्हणून, बायको घरात आपलं चालावं म्हणून. आपल्याकडच्या शेंदूर फासलेल्या दगडासारखंच हे. हुकूम काढून श्रद्धा उठत नाही. मग दगड पाडण्यापेक्षा त्यालाच ख्रिस्ती करून घेतलेलं बरं!

माझ्या मते हा सौदा दगडाच्याच पथ्यावर पडला. ब्रिटनीतले कितीतरी मेन्हिर पुढे फोडून घरांच्या नि कुंपणांच्या भिंतींत गेले. प्लमर-बोदूतल्या सँत्युझेकचा हा मेन्हिर आजही जागेवर आहे. रंगातला येशू पावसापाण्याने कधीच पुसला गेला. छिन्नीने कोरलेलं सारं राहिलं.

त्याच प्लमर-बोदूत, जुलै १९६२मध्ये, टेलस्टार उपग्रहामार्फत अमेरिकेहून आलेलं टीव्हीचं चित्र युरोपात पहिल्यांदा पकडलं गेलं. ते पकडणाऱ्या केंद्राचा पांढरा घुमट पाहायला पर्यटक तिकीट काढून जातात. तुम्ही गेलात तर थोडी वाट वाकडी करून हा दगडही पाहा. त्याला तिकीट नाही.