सह्याद्रीतलं हिवाळी ट्रेल रनिंग : खरं आव्हान थंडीचं की आणखी कशाचं?

महाराष्ट्रात डोंगरवाटांवर धावण्याचा हंगाम म्हणजे हिवाळा. पावसाळ्यातला चिखल आणि शेवाळलेले कातळ संपलेले असतात आणि उन्हाळा अजून लांब असतो. सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन किल्ल्यांना जोडणारी 'एसआरटी अल्ट्रा' ही शर्यतही डिसेंबरात होते. तिचा सर्वांत लांबचा टप्पा 100 किमीचा आहे. पण "छान थंडी आहे, त्रास होणार नाही" हा समज लांब अंतरावर महागात पडू शकतो. एकाच धावेत ऊन, गारठा आणि अंधार या तिन्हींशी गाठ पडते, आणि अनेकजण यातल्या एकाचीच तयारी करून जातात.

डोंगरातले 50 किमी म्हणजे किती?

रस्त्यावरचं अंतर आणि डोंगरातलं अंतर सारखं नसतं. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेच्या हिशेबात दर 100 मीटर चढाईला 1 किमी जादा धरतात. म्हणजे 50 किमीच्या वाटेवर 2,500 मीटर चढाई असेल, तर ती मेहनत 75 किमीएवढी होते. कांजूरमार्ग जवळपास समुद्रसपाटीला आहे, तर वरचे तिन्ही किल्ले सुमारे 1,300 ते 1,400 मीटर उंचीवर. मॅरेथॉनची वेळ पाहून ट्रेलची वेळ ठरवली, तर गणित हमखास चुकतं.

एका दिवसात दोन ऋतू

मुंबईत सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश सेल्सिअस आहे (22 जानेवारी 1962). पुणे परिसरात मात्र हिवाळ्यात पारा 10 अंशांखाली जाणं नवीन नाही. रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली येऊन दरीत साचते. त्यामुळे कधी कधी माथ्यापेक्षा पायथ्याच्या गावातच जास्त गारठा लागतो. त्याच दिवशी दुपारी मात्र उघड्या सोंडेवर, सावली नसताना, तिशीच्या आसपासचं ऊन अंगावर असतं.

तहान लागत नाही, पण पाणी कमी होतं

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, लघवी वाढते आणि तहान कमी जाणवते. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे तो किती गेला हे कळत नाही. पावसाळ्यातले बरेच ओढे डिसेंबरात आटलेले असतात. गडावरच्या टाक्यांपैकी पिण्याजोगं पाणी कुठल्या टाक्यात आहे, हे गावकऱ्यांना विचारूनच ठरवावं.

उलट टोकही धोक्याचं आहे. तासन् तास नुसतं पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम घटतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. म्हणून तहानेप्रमाणे प्यावं, आणि पाण्यासोबत क्षार व खाणंही सुरू ठेवावं.

थांबलात की गारठता

धावताना स्नायू उष्णता तयार करतात. पाय मुरगळला, दमून चालायला लागलात किंवा वाट चुकून थांबलात, की ही उष्णता घटते आणि घामाने ओला सुती शर्ट अंगातली ऊब ओढून घेतो. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं, की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी कुडकुडणं, मग बोटं न वळणं, बोलणं अडखळणं. बरं न वाटताच कुडकुडणं बंद झालं, तर परिस्थिती गंभीर आहे असं समजावं.

चीनच्या गान्सू प्रांतात 22 मे 2021 रोजी 100 किमीच्या शर्यतीत उंचावर अचानक वादळी वारा, पाऊस आणि गारा आल्या. 172 स्पर्धकांपैकी 21 जणांचा मृत्यू झाला. अनेकांच्या अंगावर फक्त हाफ पँट आणि टी-शर्ट होता. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन वाचवलं. सह्याद्रीत डिसेंबरात असं हवामान सहसा नसतं, पण धडा तोच : अंगावरचे कपडे धावण्यापुरते पुरतात, थांबण्यासाठी पुरत नाहीत.

अंधार, घसारा आणि मोहोळं

डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. लांब अंतराची धाव बहुतेकदा अंधारात सुरू होते किंवा अंधारात संपते. सुकलेलं गवत आणि सुटी माती यामुळे उतारावर घसारा तयार होतो. दमलेले पाय नेमके तिथेच घसरतात. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र वास आणि आरडाओरडा टाळावा.

कांजूरमार्गात राहून तयारी कशी करायची?

- जिने : दहा मजले म्हणजे सुमारे 30 मीटर. 20 फेऱ्यांत 600 मीटर चढाई होते. सिंहगडाचा पायथ्यापासूनचा चढ साधारण एवढाच आहे. लिफ्टने न येता पायऱ्यांनीच उतरा, कारण मांड्या भरून येतात त्या उताराने.
- हवा : हिवाळ्यात वारा मंद असला की धूर आणि धूळ जमिनीलगत साचते. पूर्व द्रुतगती मार्ग किंवा एलबीएस मार्गाजवळ धावण्याआधी 'समीर' ॲपवर हवेची गुणवत्ता पाहा.
- डोंगर : ठाणे किंवा घाटकोपरला गाडी बदलून नेरळ गाठता येतं. तिथून माथेरानचा चढ सरावाला चांगला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांचा वावर आहे. ठरलेल्या वेळेबाहेर किंवा परवानगीशिवाय आत धावू नये.

पिशवीत काय हवं?

हेडलॅम्प आणि जादा बॅटरी, कोरडा जादा शर्ट, वारा अडवणारं हलकं जॅकेट, आपत्कालीन फॉइल ब्लँकेट, शिट्टी, ओआरएस, खाणं आणि चार्ज केलेला फोन. वाट आणि परतीची वेळ घरी सांगून निघा. अडचणीत 112 वर फोन करा. डोंगरात रेंज जाते, म्हणून एकट्याने जाऊ नका.

सोबतच्याचं बोलणं अडखळायला लागलं, तर त्याला वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे बदला, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम काहीतरी प्यायला द्या आणि मदत बोलवा. त्याची शर्यत तिथेच संपली असं समजा. गड पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असणार आहे.