दोऱ्याने मोडलेला नियम

तानपुऱ्याची तार घोडीवरून जाते, तिथे तिच्याखाली एक सुती दोरा सरकवलेला असतो. दोरा चुकीच्या जागी असेल तर तार नुसतीच वाजते. तो केसभर हलवून नेमक्या जागी आणला की तीच तार गुंजू लागते, एका स्वरातून अनेक स्वर ऐकू येतात. ही जवारी. दोऱ्यात असं आहे तरी काय?

जवारी मिरजेच्याही आधीची, पण तिचं मोठं घर मिरजच. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी मिरजेत तंतुवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूरकडचा भोपळा, तुणाचं लाकूड आणि वर घोडी. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित बाकदार घासलेला असतो. पात्याची धार बोटांनी ओळखणाऱ्यांना हे घासकाम परकं वाटलं नसणार, असं मला वाटतं. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. ते स्वतःही वाद्यांची जवारी लावत.

आता कलकत्त्याला जाऊ. तारेच्या एका सुरात मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनंही असतात. थॉमस यंग यांचा नियम सांगतो, की तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट अशी सम पटीतली कंपनं उठायला नकोत. कारण त्यांच्यासाठी मधला बिंदू स्थिर असावा लागतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तानपुरा आणि वीणा तपासली, तर ही गैरहजर कंपनं ठणठणीत हजर! 1921 साली त्यांनी यावर लेख प्रसिद्ध केला. नोबेल मिळायला अजून 9 वर्षं होती.

कारण घोडीत होतं. गिटारची तार एका टोकदार कडेवर टेकते, तिची लांबी ठरलेली. तानपुऱ्याची तार कंप पावताना बाकदार माथ्याला पुन्हा पुन्हा शिवते आणि सुटते. दर शिवण्यासरशी तिची मोकळी लांबी बदलते आणि मूळ कंपनातली थोडी ऊर्जा वरच्या कंपनांत जाते. दोरा तारेला किती उचलायचं तेवढं ठरवतो.

म्हणून मला वाटतं, विज्ञानाच्या इतिहासात रामन यांच्या शेजारी घोडी घासणाऱ्यांनाही जागा हवी. रामन यांनी 'का' सांगितलं, 'कसं' आधीच कुणाच्या तरी हातात होतं.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या फोनमध्ये तानपुऱ्याचं अॅप फुकट मिळतं, रियाजाला ते पुरतंही. पण त्यातला गुंजारव कधीतरी कुणीतरी कानाने लावलेल्या जवारीचीच नक्कल आहे. या तारेला, या घोडीवर, आजच्या हवेत दोरा नेमका कुठे हवा, हे आजही कारागीर कान लावूनच ठरवतो. तो कान तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं द्यायला पुढची पिढी दुकानात बसावी लागते.