क्रॉसमॅच: एका चाचणीची कुळकथा

रक्तपेढीतून पिशवी बाहेर पडण्याआधी दात्याच्या तांबड्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव एका नळीत एकत्र करून पाहतात. पेशी मोकळ्या राहिल्या तर रक्त जुळले. त्यांचे पुंजके झाले किंवा त्या फुटल्या तर ती पिशवी त्या रुग्णासाठी बाद. रुग्णालयांत सर्वांच्या तोंडी असलेला ‘क्रॉसमॅच’ तो हाच. ही चाचणी एकाच वेळी कोणा एकाला सुचलेली नाही. रक्त दिल्यावर रुग्ण का दगावतात, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना ती टप्प्याटप्प्याने घडली.

न जुळणाऱ्या रक्ताने काय होते याचे पहिले स्पष्ट वर्णन पॅरिसचे आहे. १६६७ मध्ये झां-बाप्तिस्त देनी याने आंत्वान मोरुआ नावाच्या मनोरुग्णाच्या शिरेत वासराचे रक्त सोडले. दुसऱ्या खेपेला रुग्णाची नाडी वेगाने धावू लागली, घाम फुटला, कंबर दुखू लागली, ओकाऱ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी काजळी मिसळल्यासारखी काळी लघवी झाली. फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांतून बाहेर पडत होते, हे तेव्हा कोणालाच उमगणे शक्य नव्हते. तो रुग्ण पुढे दगावला, खटला झाला आणि युरोपात रक्तसंक्रमण जवळजवळ दीडशे वर्षे बंद पडले. १८१८ मध्ये लंडनच्या जेम्स ब्लंडेलने ते पुन्हा हाती घेतले, माणसाला फक्त माणसाचेच रक्त द्यायचे या अटीवर. तरीही काही रुग्ण वाचत आणि काही तसेच कोसळत.

याचे कारण १९०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने दाखवले. सहकाऱ्यांचे रक्तद्रव आणि पेशी आलटूनपालटून मिसळताना काही जोड्यांत पुंजके होतात आणि काहींत होत नाहीत, हे त्याने नोंदवले. त्यातून ए, बी आणि पुढे ओ म्हटला गेलेला गट सापडला. एबी गट पुढच्या वर्षी आढळला. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी मात्र या शोधाची फारशी दखल घेतली नाही.

प्रयोगशाळेतली ही गोष्ट रुग्णाच्या खाटेपर्यंत नेली ती न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या रूबेन ओटेनबर्ग या तरुण डॉक्टरने. दाता आणि रुग्ण यांचे रक्त आधी तपासावे, अशी सूचना शिकागोच्या लुडविग हेक्टोएनने १९०७ मध्ये केली होती. त्याच वर्षी ओटेनबर्गने प्रत्यक्ष रक्तसंक्रमणाआधी ही तपासणी सुरू केली. दात्याचा रक्तद्रव रुग्णाच्या रक्तात विरळ होतो, पण रुग्णाचा रक्तद्रव दात्याच्या पेशींवर पूर्ण ताकदीने तुटून पडतो, हेही त्याने ओळखले. आजही क्रॉसमॅचमध्ये मुख्य भर याच दुसऱ्या बाजूवर असतो. १९१३ मध्ये १२८ रक्तसंक्रमणांच्या अनुभवावर त्याने लेख लिहिला. त्याचे म्हणणे असे, की आधी रक्त तपासले तर हे अपघात टळतात. रक्तसंक्रमण सुरक्षित करण्याचे श्रेय लँडस्टायनरइतकेच ओटेनबर्गलाही द्यायला हवे.

त्या काळी दाता रुग्णाशेजारीच झोपवलेला असे आणि त्याची रोहिणी रुग्णाच्या शिरेला जोडली जाई. १९१४-१५ मध्ये सोडियम सायट्रेटने रक्त गोठण्यापासून रोखता येऊ लागले आणि दाता व रुग्ण एका खोलीत असण्याची गरज संपली. तपासणीला वेळ मिळाला. त्याचबरोबर बाटलीवरच्या नावावर विसंबण्याची पाळीही आली.

१९३९ मध्ये फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी एका बाळंतिणीची हकिकत प्रसिद्ध केली. तिचे मूल पोटातच गेले होते. तिला नवऱ्याचे रक्त दिले गेले. दोघांचा गट ओ होता, तरी तिला तीव्र प्रतिक्रिया आली. पुढे आरएच गट म्हणून ओळखले गेलेले प्रकरण हेच. परक्या पेशींविरुद्ध रक्तद्रवात तयार होणाऱ्या अशा कित्येक प्रतिपिंडांचा दोष असा, की ते पेशींना चिकटतात पण पुंजके करत नाहीत, म्हणून नळीत सगळे ठीक दिसते. १९४५ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्सने आर्थर मूरंट आणि रॉबर्ट रेस यांच्यासह यावर उपाय काढला: सशात तयार केलेले, मानवी प्रतिपिंडांनाच पकडणारे द्रव्य नळीत घालायचे. ते चिकटलेल्या प्रतिपिंडांना एकमेकांशी जोडते आणि लपलेला विरोध डोळ्यांना दिसतो.

१९५२ मध्ये मुंबईतून आलेल्या शोधाने केवळ गट पाहून भागत नाही हे पक्के केले. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी ब्रिटिश संशोधकांसह ‘लॅन्सेट’मध्ये नव्या गटाची नोंद केली. या व्यक्तींच्या पेशींवर ए, बी यांचा पाया असलेला एच हा घटकच नसतो. साध्या तपासणीत त्यांचा गट ओ दिसतो, पण त्यांच्या रक्तद्रवातले प्रतिपिंड ओ गटाच्या पेशीही फोडतात. ‘बाँबे’ गटाच्या रुग्णाला फक्त त्याच गटाचे रक्त चालते. त्याला ओ समजून दिली जाणारी पिशवी क्रॉसमॅचमध्ये अडते.

तातडीच्या शस्त्रक्रियेत नेमकी याच चाचणीला कात्री लागते. पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण तास ते तास लागतो, तर फुटलेली प्लीहा किंवा बाळंतपणातला रक्तस्राव तेवढा थांबत नाही. तेव्हा डॉक्टरच्या लेखी जबाबदारीवर ओ निगेटिव्ह किंवा फक्त गट जुळवलेले रक्त देतात आणि उरलेली तपासणी मागून पुरी करतात. भुलेखालचा रुग्ण कंबर दुखते की थंडी वाजते, हे सांगू शकत नाही. रक्तदाब उतरणे, जखमेच्या कडांतून रक्त झिरपत राहणे, कॅथेटरमध्ये लालसर लघवी येणे, एवढ्याच खुणा भूलतज्ज्ञाच्या हाती असतात. शंका येताच पिशवी बंद करून नवी नळी लावतात आणि सलाईनने शीर चालू ठेवतात, रक्तदाब व लघवी टिकवतात, आणि पिशवी व रुग्णाचे ताजे रक्त रक्तपेढीत परत पाठवतात. मूळ नमुनेही तिथे किमान सात दिवस राखून ठेवलेले असतात, ते पुन्हा जुळवून पाहता येतात.

एबीओ गट चुकल्याचे गंभीर प्रसंग आज बहुतेक वेळा नळीतल्या तपासणीमुळे घडत नाहीत. रक्त दुसऱ्याच रुग्णाच्या नावाने काढलेले असते किंवा दुसऱ्याच रुग्णाला लावलेले असते. म्हणून प्रत्येक पिशवी लावताना दोघांनी मिळून नाव, नोंदणी क्रमांक आणि गट रुग्णाच्या मनगटावरील पट्टीशी पडताळायचा असतो. शस्त्रक्रियेसाठी ती पट्टी काढावी लागली, तर ती त्याच वेळी दुसऱ्या हाताला किंवा पायाला बांधणे आवश्यक आहे.